परदेशची शिदोरी

नागपुरातील गांधीबाग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. भोवती कापडाची ठोक दुकाने, हातगाड्यांवर लादलेल्या गाठी आणि सकाळपासून रात्रीपर्यंत चाललेली वर्दळ. याच वस्तीत आमचे घर आहे. शेजारच्या गल्लीत माझी थोरली बहीण राहते. तिला आम्ही सारे आपा म्हणतो. माझे मेहुणे एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात.

२०२४ साली आपाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अभियांत्रिकीचे पुढील शिक्षण घेण्यासाठी जर्मनीला निघाला. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नसते. परंतु वर्षभराच्या राहण्या-जेवण्याची रक्कम आधीच एका खात्यात ठेवावी लागते. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली होती. तीतून विद्यार्थ्याला तेव्हा दरमहा ९९२ युरो काढता येत होते. मेहुण्यांनी कर्ज काढले. आपाने आपले दागिने मोडले. मी भाच्याचे अर्ज तपासले, कागदपत्रांच्या प्रती काढल्या आणि त्याला जर्मन भाषेच्या वर्गात घातले.

पेटी भरण्याच्या दिवशी घरात ईदसारखी गर्दी होती. आपाने तुपाचा डबा आणि वाळवलेले मटण आणून ठेवले. युरोपातील देशांत बाहेरून येताना मांसाचे व दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे, हे मी तिला समजावले. तिने डोळे पुसत ते डबे बाजूला केले. मसाले, आंब्याचे लोणचे, चिवडा, लहान कुकर, गरम कपडे, जानमाज असे सारे पेटीत मावले. एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही. ज्याच्यासाठी कुकर भरला होता, त्याला साधा भातसुद्धा शिजवता येत नव्हता.

भाचा तेथे शनिवारी रात्री पोहोचला. दुसऱ्या दिवशी तो सामान आणायला बाहेर पडला, तर रस्त्यावरची सारी दुकाने बंद. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने कायद्यानेच बंद असतात. पहिला दिवस चिवड्यावर गेला. पुढे विद्यापीठाच्या भोजनगृहात त्याला दुपारचे जेवण मिळू लागले. तेथे हलाल मांस मिळत नसे, म्हणून तो भाजी, बटाटे आणि पाव घेई. रात्री मात्र बिस्किटे आणि चहा. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात जाण्याची त्याला लाज वाटे. एकदा धीर करून त्याने तेलात जिरे टाकले, तर धूर होऊन आगीची घंटा वाजू लागली आणि सगळा मजला बाहेर आला. त्यानंतर तो तिकडे फिरकेनासा झाला.

दोन महिन्यांत त्याचे वजन सहा किलो उतरले. अंगात ताप राहू लागला, तास बुडू लागले. एका रात्री त्याचा फोन आला, "मामू, माझ्याने होत नाही. मी परत येतो."

मी काय उत्तर देणार? मेहुण्यांचे कर्ज माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्याला सांभाळून घेतले ते त्याच्या धाकट्या बहिणीने. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "भाईजान, उद्या एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूर आणि थोडे मीठ आण. मी फोनवर बसते, तू शिजव." दुसऱ्या दिवशी तिने त्याला खिचडी शिकवली. विजेची शेगडी बंद केल्यावरही काही वेळ तापलेली राहते, म्हणून ती थोडी आधीच बंद करावी, हेही तिनेच ताडले. चौथ्या दिवशी तो अंडाकरी करू लागला.

फोन ठेवल्यावर ती मला शांतपणे म्हणाली, "मामू, भाईजानच्या परीक्षेच्या वेळी घरचा स्वयंपाक मी करत होते. माझ्या परीक्षेच्या वेळीही मीच करत होते."

मित्रांनो, मी बी.एड. झालेला शिक्षक आहे. बालकाच्या सर्वांगीण विकासावर मी अनेकदा व्याख्याने दिली आहेत. पण त्या मुलीच्या दोन वाक्यांनी मी निरुत्तर झालो. आमच्या घरातील एकाच रिवाजाने दोन मुलांचे नुकसान केले होते. मुलाचे हात दुबळे ठेवले आणि मुलीचा अभ्यासाचा वेळ खर्च केला.

ज्यांच्या नावाने आमची वस्ती ओळखली जाते, ते महात्मा गांधी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. मद्य आणि मांस यांना स्पर्श करणार नाही, असे वचन त्यांनी आईला दिले होते. घरमालकिणीच्या अळणी, उकडलेल्या जेवणावर त्यांचे पोट भरत नसे. पुढे त्यांनी एका खोलीत बिऱ्हाड केले, लहान स्टोव्ह घेतला आणि सकाळी ओटची लापशी व कोको स्वतः करू लागले. खर्च कमी झाला आणि वचनही पाळले गेले. हलाल-हराम पाळणाऱ्या आजच्या मुस्लिम विद्यार्थ्यापुढे थोड्या फरकाने हाच प्रश्न असतो. केवळ निश्चयाने पोट भरत नाही. निश्चय टिकवायचा असेल तर हाताला काम यावे लागते.

दुसरे उदाहरण डॉ. झाकिर हुसेन यांचे. आपल्या देशाचे हे तिसरे राष्ट्रपती १९२२ साली जर्मनीला गेले आणि १९२६ साली बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतले. विद्यार्थी असतानाच, १९२५ मध्ये, त्यांनी बर्लिनच्या कावियानी छापखान्यातून 'दीवान-ए-ग़ालिब'ची छोटी, देखणी आवृत्ती काढली. त्या कामात त्यांनी खिळे जुळवण्यासही कमीपणा मानला नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या नागपूरजवळच्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेनच होते. पुस्तकाबरोबर हातानेही शिकावे, सूत काततानाच गणित आणि भूगोल समजावा, हा 'नई तालीम'चा विचार या समितीने अभ्यासक्रमात उतरवला. मात्र त्या अभ्यासक्रमातही गृहविज्ञान मुलींसाठीच ठेवले गेले. एवढ्या थोर मंडळींकडून जे राहून गेले, ते पूर्ण करणे आता आपले काम आहे.

कोणी म्हणेल, "स्वयंपाक हे बायकांचे काम." मग मला सांगा, आमच्या लग्नांत बिर्याणीच्या देगी कोण उतरवतो? मोमिनपुऱ्यात रात्रभर नल्ली-निहारी कोण शिजवतो? सकाळी चौकात तर्री-पोह्याचा ठेला कोण लावतो? पुरुषच. पैसे घेऊन केला तर तो हुनर, आणि घरात केला तर कमीपणा, हा कोणता न्याय? प्रेषित हजरत मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याचे आपण दीनियातच्या तासाला शिकतो. ते केवळ पाठ करण्यासाठी आहे काय?

कोणी म्हणेल, "शिकायला गेलेल्या मुलाने स्वयंपाकात वेळ का घालवावा?" खिचडीला अर्धा तास लागतो. आजारपणात भाच्याचे पंधरा दिवस गेले. यात कोणता वेळ वाया गेला, ते तुम्हीच ठरवा.

शिवाय स्वयंपाक शिकताना माणूस बरेच काही शिकतो. भाचा आता पाकिटावरील बारीक अक्षरे वाचतो. 'श्वाइन' म्हणजे डुक्कर आणि 'श्माल्त्स' म्हणजे प्राण्याची चरबी, हे जर्मन शब्द त्याने प्रथम पाठ केले. 'ई ४७१' हा पदार्थ वनस्पतीच्या तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. नुसत्या आकड्यावरून त्याचे मूळ कळत नाही. म्हणून तो शाकाहारी खूण पाहतो आणि मद्याचा अंश नाही ना, हे वेगळे तपासतो. रसायनशास्त्राचा असा धडा मी वर्गात कधी दिला नव्हता.

सामान आणायला तो तुर्की दुकानात जातो. १९६१ साली जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात करार होऊन तुर्की कामगार तेथे आले. त्यांच्यामुळे आज जर्मनीच्या अनेक शहरांत हलाल मांसाची दुकाने आहेत. लाल मसूरही तेथे मिळते. दुकानदाराची भाषा परकी, पण 'चाय', 'पिलाव', 'कियमा', 'शेकेर' हे शब्द ऐकून भाच्याला घरचीच आठवण झाली. आपण उर्दूत ज्याला पुलाव, कीमा आणि शकर म्हणतो, तेच हे.

२०२५ चा रमजान मार्च महिन्यात आला. भाचा पहाटे घड्याळाचा गजर लावून एकटाच सहेरीला उठे. एका शनिवारी त्याने मजल्यावरच्या मुलांना इफ्तारला बोलावले. खजूर, मसूरची खिचडी आणि कांद्याची कोशिंबीर, एवढाच बेत. एक तुर्की मुलगा पाव घेऊन आला. अमरावतीचा एक मुलगा पिठले करून घेऊन आला. तो शुद्ध शाकाहारी होता. शाकाहारी खुणेची पाकिटे शोधताना दोघांची दुकानात ओळख झाली होती. उर्दू शाळेत शिकलेला माझा भाचा त्याच्याशी मराठीत बोलला. "मामू, तुम्ही शिकवलेली मराठी इथे कामी आली," असे त्याने मला कळवले. ज्या स्वयंपाकघरात जायला तो लाजत होता, तेथेच त्याला मित्र मिळाले.

तुम्ही सगळेच परदेशी जाणार नाही. पण पुण्याला, हैदराबादला किंवा मुंबईला शिकायला, नोकरीला जाल. म्हणून माझे मुलांना सांगणे आहे की, आठवीपासून आठवड्यातला एक दिवस घरचा स्वयंपाक तुम्ही करा. खिचडी, वरण-भात, पोळी, अंडाकरी आणि एक भाजी एवढे आले तरी पुष्कळ झाले. भांडीही तुम्हीच घासा. त्या दिवशी आईला बसू द्या आणि बहिणीला अभ्यास करू द्या.

हे सांगण्याचा अधिकार मला अलीकडेच मिळाला. गेल्या रविवारी मी आपाच्या घरी पहिल्यांदा खिचडी केली. भाची एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचे पुस्तक घेऊन बसली होती. खिचडी तळाशी थोडी लागली. भाचीने ती चुपचाप खाल्ली, ताट माझ्याकडे दिले आणि पुन्हा पुस्तक उघडले.

स्वाध्याय

१. भाच्याचा जर्मनीतील पहिला दिवस चिवड्यावर का गेला?
२. "आमच्या घरातील एकाच रिवाजाने दोन मुलांचे नुकसान केले होते." हे विधान स्पष्ट करा.
३. महात्मा गांधींनी लंडनमध्ये स्वतः न्याहारी करण्यास सुरुवात का केली?
४. वर्धा समितीच्या अभ्यासक्रमाबद्दल लेखकाने कोणती उणीव दाखवली आहे?
५. उपक्रम : या आठवड्यात घरी एक पदार्थ स्वतः करा. त्याची कृती आणि झालेल्या चुका दहा ओळींत लिहा.