राक्षस तोच, नियम नवे



नियम बदलले की त्या नियमांवर बेतलेल्या जुन्या आकड्यांचे काय करायचे, हा प्रश्न विज्ञानात वारंवार येतो. आज तो एका खेळाच्या आधारे पाहू. खेळात राक्षस आहेत म्हणून दचकू नका. गणित ओळखीचेच आहे.

'पाथफाइंडर' हा अमेरिकेतल्या पैझो कंपनीचा खेळ. काही मित्र टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एकेका वीराची भूमिका घेतो आणि एकजण गोष्ट पुढे नेत राक्षसांची बाजू सांभाळतो. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. दुसरी आवृत्ती काढण्यापूर्वी कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये चाचणी-नियम प्रसिद्ध केले, लोकांना ते खेळून पाहायला सांगितले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पक्के नियम आणले. मधल्या वर्षात ज्यांनी स्वतःचे राक्षस रचले, त्यांच्या वहीतले आकडे जुने झाले.

समजा, तुम्ही 'चिखल्या' नावाचा राक्षस रचला आहे. त्याचा बचावांक १५ आणि प्राणांक ३०. फाशावर पडलेल्या अंकात वीराची पातळी, बळ आणि कौशल्य मिळवायचे. बेरीज १५ किंवा अधिक झाली की वार लागला. बचावांकापेक्षा १० ने किंवा अधिक वर गेली, तर इजा दुप्पट.

पहिल्या पातळीच्या वीराचे बळ ४ धरू. साध्या प्रशिक्षणाला चाचणी-नियमांत शून्य गुण होते, पक्क्या नियमांत २ आहेत. म्हणजे पूर्वी फाशात ५ मिळत, आता ७ मिळतात. पूर्वी १० ते २० हे अकरा अंक उपयोगाचे होते, म्हणजे संभाव्यता ५५ टक्के. आता ८ ते २० हे तेरा अंक, म्हणजे ६५ टक्के. तुम्ही म्हणाल, फरक थोडासाच आहे. पण दुप्पट इजा पूर्वी फक्त २० पडल्यावर होई. आता १८, १९ आणि २० या तिन्ही अंकांवर होते!

साध्या वाराने सरासरी १० इजा होते असे धरा. वीस फेकींत पूर्वी दहा साधे वार आणि एक दुप्पट, म्हणजे बाराच्या बरोबरीचे वार होत. आता दहा साधे आणि तीन दुप्पट, म्हणजे सोळा. दर फेकीला सरासरी इजा ६ होती, ती ८ झाली. सरासरीने पाच फेकी टिकणारा चिखल्या आता चार फेकीही टिकत नाही. वहीतला एकही आकडा बदललेला नाही, तरी राक्षस दुबळा झाला आहे.

यावर सोपा उपाय सुचतो: सगळीकडे २ मिळवा. बचावांक १७ केला की ५५ टक्के परत येतात, हे खरे. पण वरच्या पातळ्या पाहा. तज्ज्ञाचे कौशल्यगुण १ वरून ४ झाले, निष्णाताचे २ वरून ६ आणि सर्वोच्च दर्जाचे ३ वरून ८. फरक २, ३, ४, ५ असा वाढत जातो. सेल्सिअसचे केल्विन करताना सरसकट २७३.१५ मिळवून भागते, फॅरनहाइट करताना भागत नाही. तसेच हे आहे. शिवाय बचावांक वाढवून प्राणांकही वाढवला, तर एकच दुरुस्ती दोनदा होईल.

काही आकड्यांना तर नव्या नियमांत जागाच नाही. चाचणी-नियमांत स्पर्शापुरता वेगळा बचावांक होता. पक्क्या नियमांत तो काढून टाकला. जाड कातडीचा पण मंद चिखल्या त्यामुळे वेगळा वाटत होता. आता तो गुण दुसऱ्या मार्गाने दाखवायला हवा, उदाहरणार्थ आगीने त्याला अधिक इजा होते असे लिहून. इथे बेरीज कामाची नाही, समज हवी.

म्हणून माझे मत असे, की जुना आकडा जपू नये. तो आकडा जे काम करत होता ते जपावे. चिखल्या पाच फेकी टिकावा, हा तुमचा हेतू. १५ हे केवळ त्याचे साधन. आणि हिशेब झाल्यावर पुन्हा खेळून पाहावे, कारण आपण धरलेला सरासरी वीर प्रत्यक्षात टेबलावर असतोच असे नाही.

विज्ञानातही असेच घडले. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्याऐवजी प्लांकच्या स्थिरांकावर आधारली गेली. त्या स्थिरांकाचे मूल्य असे ठरवले, की वाण्याच्या तराजूतली वजने बदलावी लागू नयेत. नियम पार बदलला, काम तेच राहिले.

शिक्षकांना एक विनंती. एखाद्या मुलाच्या वहीत राक्षसांचे तक्ते दिसले, तर वही लगेच जप्त करू नका. "हा आकडा इतकाच का?" एवढे विचारा. उत्तर देताना तो संभाव्यतेचा धडा आपणहून शिकेल.