निरोप घेतलेले, निरोप पोचवलेले

मराठीत ‘निरोप’ हा एक विलक्षण शब्द आहे. कुणी दूरच्या प्रवासास निघाला म्हणजे आपण त्याला निरोप देतो, आणि त्याच्याच हाती परगावच्या आप्तांसाठी निरोप धाडतोही. ताटातूट, आणि त्या ताटातुटीतून धागा राखू पाहणारा संदेश, ह्या दोहोंसाठी आपल्या पूर्वजांनी एकच शब्द योजला. पिढ्यानपिढ्या माळव्यात, ग्वाल्हेरीस वा बडोद्यास राहिलेल्या आपल्या घराण्यांना ह्याचे मर्म समजावून सांगावयास नको. देशाकडे जाणारा कुणी भेटला की त्याच्या झोळीत चार निरोप पडत, आणि तो परतेपर्यंत घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे वाटेकडे लागलेले असत.

ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ ज्याच्या आयुष्यात एकवटले, असा एक मुसलमान विद्यार्थी चौदाव्या शतकात होऊन गेला. इब्न बतूता हे त्याचे नाव. जग त्याला थोर प्रवासी म्हणून ओळखते. परंतु 1325 च्या जून महिन्यात मोरोक्कोमधील तँजिअर हे आपले गाव त्याने सोडले, तेव्हा तो प्रवासी नव्हता. न्यायदानाची परंपरा असलेल्या घराण्यातील, धर्मशास्त्र शिकणारा एकवीस वर्षांचा तरुण होता. मक्केची यात्रा करावी, वाटेतील विद्वानांपाशी बसून चार ग्रंथ ऐकावेत, हा त्याचा मनोदय. विद्येसाठी देशोदेशी फिरणे ही इस्लामी जगातील मान्य रीत होती. गुरूच्या मुखातून ग्रंथ ऐकून तो पुढे शिकवण्याची अनुज्ञा मिळवणे, ह्याला तिथे मोठे मोल होते. आईवडील दोघेही हयात होते. त्यांना सोडून निघताना आपणाला व त्यांनाही अतिशय दुःख झाले, असे त्याने पुढे नमूद केले आहे.

घरचा निरोप घेणे कठीण खरे. परंतु त्याहून कठीण क्षण पुढे येतो, हे परदेशी शिकावयास गेलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. इब्न बतूतावर तो ट्यूनिस शहरी आला. वाटेत त्याला तापाने घेरले होते. अशक्तपणामुळे खाली पडू नये म्हणून त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराशी बांधून घेतले होते. अशा अवस्थेत तांडा ट्यूनिसला पोचला. नगरवासी सामोरे आले, ज्याने त्याने आपापल्या परिचितास सलाम केला, कुशल विचारले. ह्याला मात्र ओळखणारे कुणीच नव्हते. त्याला रडू आवरेना. तेव्हा तांड्यातील एका यात्रेकरूच्या ते ध्यानी आले. तो जवळ आला, त्याने सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत तो त्याच्याशी बोलत राहिला.

‘तुमच्यावर शांती असो’ हा सलामाचा अर्थ, आणि तो भेटताना म्हणतात तसाच निघतानाही म्हणतात. त्या एका सलामाने परक्या शहराचे परकेपण गेले नसेल. परंतु रडणारा तरुण तिथून माघारी वळला नाही. पुढे ट्यूनिसहून निघालेल्या यात्रेकरूंच्या तांड्याने त्यालाच आपला काझी नेमले.

परक्याला आधार देण्याची ही वृत्ती केवळ व्यक्तींच्या चांगुलपणावर सोडलेली नव्हती. जकातीच्या धनावर ज्यांचा हक्क कुराणात सांगितला आहे, त्यांत अडलेल्या वाटसरूचाही समावेश आहे. दमास्कसमध्ये तर वाटसरूंच्या अन्नवस्त्रासाठी आणि त्यांना मायदेशी पोचता यावे म्हणून धर्मादाय निधी राखून ठेवलेले होते, असे इब्न बतूता सांगतो. त्याच नगरीत 1326 साली उमय्या मशिदीत बसून त्याने ‘सहीह बुखारी’ हा हदीसचा महाग्रंथ चौदा बैठकांत ऐकला. त्याला ज्यांनी अनुज्ञा दिली, त्यांत झैनब ही एक विदुषीही होती. दूरदूरचे विद्यार्थी तिच्यापाशी येत.

आता निरोपाच्या दुसऱ्या अर्थाकडे वळू. अलेक्झांड्रियात बुरहानुद्दीन नावाच्या एका सत्पुरुषाने ह्या तरुणाला पाहून म्हटले की, तुला देशोदेशी हिंडण्याची आवड दिसते. तेव्हा हिंदुस्थानात, सिंधमध्ये आणि चीनमध्ये माझे जे तीन बंधुजन आहेत, त्यांना भेटशील तेव्हा माझा सलाम सांग. मक्केपलीकडे जाण्याचा विचारही तोवर ह्याच्या मनात नव्हता. परंतु ते बोल मनात रुजले, आणि वर्षांमागून वर्षे लोटल्यावर त्या तिघांनाही आपण भेटलो व सलाम पोचता केला, असे तो नमूद करतो. चीनच्या त्याच्या प्रवासाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. तथापि परक्याचा निरोप पोचवणे हे त्याला किती मोलाचे वाटत होते, हे त्यावरून कळतेच.

दिल्लीस त्याने मुहंमद तुघलकाच्या पदरी काझी म्हणून चाकरी केली. 1342 साली सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला, तो ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन ह्या आपल्या ओळखीच्या वाटेने दौलताबादेस आला. तेथून नंदुरबार. तेथील मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे की, हे लोक कारागिरीत निपुण आहेत, भात, भाजी आणि तिळाचे तेल हे त्यांचे अन्न, आणि जेवणापूर्वी ते स्नान करतात. परक्या देशात आलेल्या एका विद्यार्थ्याच्या नजरेने आपल्या पूर्वजांच्या जेवणाकडे असे पाहून ठेवले, ह्याचे कौतुक वाटते.

चीनमध्ये त्याला बुश्री नावाचा एक संपन्न गृहस्थ भेटला. बोलता बोलता उमजले, हा तर सेउता गावचा. म्हणजे तँजिअरच्या शेजारचाच! मिसरूडही न फुटलेला विद्यार्थी असताना हा दिल्लीस आपल्याला भेटला होता, हेही आठवले. दोघांनाही रडू कोसळले. निघताना बुश्री बराच दूरवर सोबत आला. आपल्याकडे पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवतात, तसाच. पुढे 1351-52 च्या सुमारास, सहारा वाळवंटाच्या काठी सिजिलमासा नगरीत, इब्न बतूता एका विद्वानाच्या घरी उतरला. तो ह्याच बुश्रीचा भाऊ निघाला. एकाच आईची दोन मुले, आणि मध्ये अर्धे जग!

अशा रीतीने जगभरचे निरोप ज्याने पोचवले, त्याचे स्वतःचे घर मात्र निरोपावाचून राहिले. दमास्कसला त्याने गर्भवती पत्नी मागे ठेवली होती. हिंदुस्थानात असताना पुत्र झाल्याचे कळले, तेव्हा त्याने मुलाच्या आजोबांकडे चाळीस सुवर्णमुद्रा पाठवल्या. 1348 साली तो पुन्हा दमास्कसला पोचला, तेव्हा समजले की तो मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला. त्याच मुक्कामी तँजिअरचा एक विद्वान भेटला. त्याने सांगितले की, तुझे वडील पंधरा वर्षांमागे गेले, आई आहे. प्लेगची साथ तेव्हा देशोदेशी पसरत होती. 1349 साली तो मोरोक्कोत शिरला आणि ताझा गावी कळले की, आईही त्या साथीत गेली. चोवीस वर्षांनी मुलगा गावी परतला तो आईच्या कबरीच्या दर्शनासाठी.

ह्याबद्दल त्याला दोष द्यावा, असे मला वाटत नाही. त्या काळी बातमी माणसाच्या पायांनी चाले. जो निघाला त्याच्या मनात घर निघतेवेळी होते तसेच थबकून राही. आई तितक्याच वयाची, वडील तितकेच ताठ. विद्येची किंमत विद्यार्थी मोजतो, असे आपण समजतो. तिचा मोठा वाटा मागे राहिलेले मोजतात, आणि त्यांची नोंद प्रवासवर्णनात एखाद्या ओळीपुरतीच येते. सुलतानाच्या आज्ञेवरून इब्न जुझय्य ह्या लेखकाने फेझ नगरीत इब्न बतूताचे प्रवास लिहून घेतले आणि 1355 साली ग्रंथ सिद्ध झाला. त्यात राजे, नगरे, नौका ह्यांना पाने आहेत. आईच्या वाट पाहण्याला पान नाही. ते कोण लिहिणार?

आज आपली मुलेमुली विद्येसाठी सातासमुद्रापार जातात. निरोप पोचावयास आता वर्षे लागत नाहीत. हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर आई रोज दिसते. परंतु पडद्यावर चेहरा दिसतो, जिना चढताना थांबणारे पाय दिसत नाहीत. ‘इकडे सर्व ठीक आहे’ हे वाक्य पत्रातून दूरध्वनीत आले, एवढाच फरक. म्हणून निघालेल्याने ते वाक्य जसेच्या तसे घेऊ नये. आणखी एक प्रश्न विचारावा, आणि जमेल तेव्हा स्वतः येऊन पाहावे. आणि आपण मागे राहिलेल्यांनी? आपल्या गावच्या वसतिगृहांतही दूरदेशची मुले शिकावयास येतात. तांडा पोचतो, ज्याचा तो आपल्या माणसास भेटतो, आणि एखादा तरुण एकटाच बाजूला उभा असतो. त्याच्यापाशी जाऊन आधी आपण बोलावे. ट्यूनिसच्या वाटेवरील त्या यात्रेकरूचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्याने केले ते एवढेच होते.