पाणी कुठे मुरते?

कोल्हापुरातील गुळाच्या एका व्यापाऱ्याने शहराबाहेर नवा बंगला बांधला आणि पुढील अंगणात हौसेने हिरवळ लावून घेतली. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी श्रावण लागता लागता फाटकापासून उंबऱ्यापर्यंतची फरशी आणि दोन्ही बाजूंची हिरवळ शेवाळाने मढून गेली. गावात मुनिसंघाचा चातुर्मास होता. एके सकाळी घरातील वृद्ध मातोश्री हाती कलश घेऊन पडगाहनासाठी दारात उभ्या राहिल्या. महाराज फाटकापर्यंत आले, त्यांनी वाटेवर दृष्टी टाकली आणि ते शांतपणे पुढे निघून गेले. हरितकायावर पाऊल ठेवणे त्यांच्या चर्येत बसणारे नव्हते.

संध्याकाळी मुलगा पेढीवरून परतला, तेव्हा आईचा चेहरा पाहून त्याला राहवले नाही. "आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. उद्याच माळ्याकडून हिराकस टाकून घेतो. दोन दिवसांत सगळे काळे पडेल."

"महाराज त्या जिवांना जपून मागे फिरले," आई म्हणाली, "आणि तू ते जीव मारून त्यांची वाट मोकळी करणार? गोदामात गुळाला पाणी सुटले तर तू ढेपा पुसत बसतोस, की छप्पर कुठे गळते ते बघतोस?"

मुलाजवळ उत्तर नव्हते. परंतु प्रश्न योग्य ठिकाणी लागला होता.

शेवाळ हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे. मराठीत तळ्यातील हिरव्या तवंगालाही शेवाळ म्हणतात आणि मातीवर मखमलीसारख्या बसणाऱ्या थरालाही. फरशीवरील निसरडी साय बहुधा पहिल्या प्रकारची, तर हिरवळीतील मऊ थर म्हणजे मॉस. शालेय विज्ञानातील ब्रायोफायटा गटाची वनस्पती. तिला खरी मुळे नसतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकाही नसतात. ती आपल्या अंगानेच ओल शोषून घेते. त्यामुळे तिला खोल, कसदार मातीची गरज भासत नाही. सतत ओलावा आणि थोडी सावली एवढ्यावर तिचे भागते. ती गवताला मारत नाही. गवत जेथे हरते, तेथील मोकळी जागा ती व्यापते. म्हणून शेवाळ कसे घालवावे हे विचारण्यापूर्वी गवत का हरले, हे विचारावे लागते.

इरियावहिया सूत्रात ज्या जीवांच्या विराधनेबद्दल आलोचना केली जाते, त्यांत 'पणग' म्हणजे ओलीवर वाढणारी ही बुरशी-शेवाळेही येतात. उत्पत्ती झाल्यावर नाश करण्यापेक्षा उत्पत्तीच होऊ न देणे, ही श्रावकाची यतना होय. नवल असे की, बागकामाचे शास्त्रही निराळे काही सांगत नाही. हिराकशीने शेवाळ काळे पडते हे खरे. पण ओल तशीच राहिली तर पुढच्या पावसात ते पुन्हा उगवते. शिवाय फरशीवर गंजाचे डाग पडतात, ते सहसा निघत नाहीत. दुसरा प्रचलित उपाय चुन्याचा. तो आम्ल जमिनीसाठी आहे. कोकणातील जांभ्या मातीत त्याचा उपयोग होऊ शकेल. देशावरील काळ्या जमिनीत चुना मुळातच भरपूर असतो. माती तपासून घेतल्याशिवाय चुना टाकणे म्हणजे वही न उघडता वसुलीला निघणे.

पुढच्या रविवारी भर पावसात घरधनी छत्री घेऊन अंगणात उभा राहिला. पाणी कोठून येते, कोठे थांबते, हे त्याने तासभर पाहिले. जे गोदामासाठी त्याने शंभरदा केले होते, ते घरासाठी प्रथमच घडले. गच्चीवरील पाण्याचा नळ थेट हिरवळीत सोडलेला होता. हिशेब सरळ आहे : १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी जमा होते. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लिटर पाणी एका कोपऱ्यात ओतले जाते. अंगणाच्या खाती आकाशातील पाऊस जमा होतच होता. त्यात गच्चीची ही रक्कम वेगळी. खर्चाची बाजू मात्र कोरी होती.

ती कोरी का होती, हे जमीन उकरल्याशिवाय कळणार नव्हते. पण चातुर्मासात जमीन खणायची नाही, असे आईने बजावले. शेतकऱ्यानेही तेच सांगितले असते. चिखल असताना काळी माती तुडवली की ती आणखी घट्ट बसते. तेव्हा पावसाळ्यात गच्चीचा नळ तेवढा लांबवून पाणी टाकीत घेतले आणि बाकीचे काम कार्तिकी पौर्णिमेनंतर, जमिनीला वाफसा आल्यावर हाती घेतले.

प्रथम फूटभर रुंद आणि तितकाच खोल खड्डा घेण्यात आला. एकदा पाणी भरून ते जिरू दिले, मग पुन्हा भरले आणि पातळी मोजली. तासाला १ ते ३ इंच पाणी उतरले तर निचरा चांगला. इंचापेक्षा कमी असेल तर सदोष. येथे तासाभरात पातळी बोटभरही उतरली नाही. खड्ड्याच्या कडेला कारण स्पष्ट दिसत होते. वर हिरवळीसोबत आलेल्या तांबड्या मातीचा तीन इंचांचा थर, त्याखाली बांधकामाच्या मालमोटारींनी दाबलेला राडारोडा आणि त्याखाली काळी माती. काळ्या मातीतील चिकणकण भिजले की फुगतात आणि छिद्रे बुजवतात. दोन निराळ्या थरांच्या सांध्यावर पाणी अडते. गवताची मुळे त्या पाण्यात हवेवाचून गुदमरतात.

उपाय क्रमाने झाले. राडारोडा काढला. जमिनीचा उतार घराकडे होता तो फिरवून दर दहा फुटांस सुमारे अडीच इंच असा बाहेर काढला. खोलगट कडेने दीड फूट खोल चर खणून त्यात पाणी झिरपू देणारे कापड अंथरले. त्यावर खडी, छिद्रे असलेला चार इंची पाइप आणि पुन्हा खडी. या चराला 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. नावाचा फ्रान्सशी संबंध नाही. शेतातील निचऱ्यावर १८५९ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या हेन्री फ्रेंच या अमेरिकन गृहस्थाचे ते आडनाव. चराचे तोंड पावसाळी गटारात सोडले. शेजाऱ्याच्या कुंपणाकडे उतार देणे सोपे होते. पण आपले नुकसान दुसऱ्याच्या खाती टाकून हिशेब मिटत नाही.

उरलेल्या हिरवळीत काटेरी फावड्याने चार-पाच इंचांवर खोल छिद्रे पाडून त्यांत चांगले कुजलेले कंपोस्ट झाडले. काळ्या मातीत नुसती थोडी वाळू मिसळली तर ती मोकळी होण्याऐवजी कडक होते, हेही ध्यानात ठेवावे. माळी गवत अगदी जमिनीलगत कापीत असे; ती सवय मोडली. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापावा, म्हणजे गवताचे बळ टिकते. आंब्याखाली मात्र गवताचा हट्ट सोडला. हरळीच्या जातीला ऊन हवेच. गर्द सावलीत ती रोडावते. वाटेची गुळगुळीत फरशी काढून खडबडीत दगड बसवले आणि वाट दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा उंच घेतली.

खणण्यात हिंसा नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु दरवर्षी औषध टाकण्यापेक्षा एकदा विचारपूर्वक, कोरड्या दिवसांत केलेले काम कमी दोषाचे, असे आईचे मत पडले. ज्यांच्या अंगणात अजून खणण्याची सोय नाही, त्यांनीही निदान गच्चीचा नळ कोठे सुटतो ते पाहावे आणि पावसाळ्यात आपोआप चालणारे तुषार बंद करावेत. निम्मे काम तेवढ्यानेच होते.

पुढच्या आषाढात मोठा पाऊस झाला. पूर्वी अंगणात दोन दिवस साचणारे पाणी दुपारपर्यंत ओसरले. वाट कोरडी आणि स्वच्छ राहिली. आंब्याच्या बुंध्याशी, कुंपणाच्या सावलीत, हातभर जागेवर शेवाळ पुन्हा आलेच. मुलाने ते आईला दाखवले.

"राहू दे," ती म्हणाली. "तिथून कोणी येत-जात नाही."

आणि ती कलश घासायला घेऊन बसली.