एसएमपीएस बदला, सगळं ठीक होईल!



घरी असेंबल केलेला गेमिंग पीसी ऐन गेममध्ये फट्कन बंद पडतो. ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही, पंखेसुद्धा गप्प. मालक चार जणांना विचारतो आणि चौघांचं एकच उत्तर: "एसएमपीएस गेलाय, बदलून टाक." बदलला. तरी बंद पडतोय? मग रॅम असेल. मग मदरबोर्ड असेल. मग विंडोज फॉरमॅट मार. याला आपल्याकडे 'ट्रबलशूटिंग' म्हणतात. माझ्या मते ही लॉटरी आहे, आणि एकेक तिकीट काही हजारांचं आहे.

मला राग दुकानदाराचा नाही येत. लॅमिंग्टन रोडवर बसलेला माणूस पार्ट विकणारच, तो त्याचा धंदा आहे. राग येतो तो आपल्या जमातीचा. ऑफिसात प्रॉडक्शन सर्व्हर पडला तर आपण आधी लॉग उघडतो, बग रिप्रोड्यूस करतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो. "सर्व्हरच बदलून बघूया का?" असं एखादा फ्रेशर बोलला तर त्याला महिनाभर चहाच्या टपरीवर पिडतो. आणि घरी आल्यावर मात्र आपलीच डिग्री खुंटीला टांगून अंदाजपंचे दाहोदरसे!

थोडे पुढे गेलेले लोक इव्हेंट व्ह्यूअर उघडतात. तिथे 'कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१' दिसतं आणि लगेच निकाल लागतो: "बघ, पॉवरच लिहिलंय, म्हणजे एसएमपीएस!" अहो, ती नोंद मशीन बंद पडताना झालेलीच नसते. पुन्हा सुरू झाल्यावर विंडोज मागे वळून बघतं आणि लिहितं की मागच्या वेळी शटडाउन नीट झालं नव्हतं. बास, एवढाच तिचा अर्थ. भिंतीवरचं बटण बंद केलंत तरी ४१ येणार, पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलंत तरी ४१ येणार. बघायचंच असेल तर त्याच नोंदीच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड बघा. तो शून्य नसेल, तर विंडोज क्रॅश झालं होतं आणि ब्लू स्क्रीन नीट दिसायच्या आत रीस्टार्ट झालं. मग ड्रायव्हर, रॅम, प्रोसेसर यांच्याकडे वळा. शून्य असेल, तर बहुधा विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. आता वीज आणि उष्णता यांच्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

मशीन कसं बंद पडतं हा खरा पहिला पुरावा, आणि तो फुकट आहे. पडदा काळा पण पंखे फिरतायत, गेमचा आवाजही येतोय? मग हा शटडाउनच नाही; ग्राफिक कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा केबल बघा. सगळं गप्प झालं, आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय बटणाला दादच देत नाही? मग एसएमपीएसचं प्रोटेक्शन ट्रिप झालं असण्याची दाट शक्यता. पण प्रोटेक्शन ट्रिप झालं म्हणजे एसएमपीएस खराब, असंही नाही. पुढे कुठे शॉर्ट असेल, कार्डाने जास्त करंट ओढला असेल. घरातला फ्यूज उडाला की आपण फ्यूजला शिव्या देतो का?

उष्णतेचंही तसंच. प्रोसेसर तापला की आधी आपला वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो, आणि त्यानेही भागलं नाही तरच वीज तोडतो. रायझन ७००० मालिकेत तर पूर्ण लोडवर ९५ अंश हे एएमडीनेच धरून चाललेलं तापमान आहे. तेव्हा नुसता आकडा बघून "तापतोय!" म्हणून नवीन कूलर मागवणाऱ्यांनी जरा दम धरा.

आता वॉटचं पुराण. "माझा ७५० वॉटचा आहे, ८० प्लस गोल्ड!" अभिनंदन. ८० प्लस हे कार्यक्षमतेचं सर्टिफिकेट आहे, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते त्याचं. अचानक आलेला झटका एसएमपीएस किती सोसेल, हे ते सांगत नाही. आणि झटके येतात. २०२० मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०८० चं रेटिंग ३२० वॉट, पण ते कार्ड मिलिसेकंदाच्या हिशोबात त्याच्या बरंच वर उड्या मारतं. त्यामुळे कागदावर पुरेशा वाटणाऱ्या एसएमपीएसवरही मशीनं ट्रिप झाली. २०२२ मध्ये इंटेलने काढलेल्या एटीएक्स ३.० मध्ये याची दखल आहे: नवा १६ पिनी कनेक्टर असलेल्या, ४५० वॉटच्या वरच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती रेटिंगच्या दुप्पट उडी सोसली पाहिजे. तुमच्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला ही उडी दिसतच नाही, ते दर दोन सेकंदांनी एकदा डोकावतं!

आणि आपल्याकडचा खास आरोपी, ज्याचं नाव कोणीच घेत नाही: यूपीएस. ऑफिसमधल्या एका मित्राचा पीसी संध्याकाळी खेळतानाच बंद पडायचा. एसएमपीएस बदलून झाला, मदरबोर्ड बदलून झाला, आता ग्राफिक कार्ड विकायच्या गोष्टी. मी एकच विचारलं, "अरे, तेव्हा मॉनिटरचा दिवा जातो का?" जायचा. राउटरचाही जायचा. तिन्ही एकाच ६०० व्हीएच्या यूपीएसवर! ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हेत, असा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. सोसायटीचा पंप सुरू झाला की व्होल्टेज पडायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा, आणि गेमचा साडेचारशे वॉटचा लोड बघून हात वर करायचा. नुसतं ब्राउझिंग चालू असताना लोड जेमतेम शंभर, म्हणून तेव्हा काहीच होत नसे. पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि रोग गेला. खर्च शून्य. आधीचा खर्च मात्र परत आला नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: आधी फुकटचे प्रयोग, मग पाकीट. यूपीएस आणि स्पाइक गार्ड बाजूला ठेवून थेट सॉकेटला लावा. कॅबिनेटच्या पॉवर बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून बघा, अडकणारं बटणही मशीन बंद करतं. ओव्हरक्लॉक आणि एक्सएमपी काढा. ग्राफिक कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलची दोन तोंडं न लावता दोन वेगळ्या केबल लावा. मग लोड वेगळे करा: प्राइम९५ ने फक्त प्रोसेसर, फरमार्कने फक्त कार्ड. शेवटी कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळा. बंद पडणं थांबलं, तर संशय वीजपुरवठ्यावर आणि कार्डावर पक्का होतो. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. आणि हो, एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा आक्षेप येणारच. वरचं सगळं एका शनिवारात होतं. पार्ट मागवणं, वाट बघणं आणि परत तिथेच येणं याला महिना जातो. दुसरा आक्षेप: "पार्ट बदलून बघणं हीसुद्धा टेस्टच ना?" आहे की! पण मित्राकडून आणलेला, चालतो हे माहीत असलेला पार्ट लावून, दोष हमखास दिसतो त्याच लोडवर. नवा विकत घेऊन, चार गोष्टी एकदम बदलून नाही.

आणि लक्षण एकीकडे, दोष भलतीकडे, हे नवीन नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरचंच बघा. गेम 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा एरर देऊन कोसळायचे आणि लोक ग्राफिक कार्डाला दोष द्यायचे. २०२४ मध्ये खुद्द इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. मायक्रोकोड दुरुस्त केला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी एररवर विश्वास ठेवून कार्ड बदललं असेल, त्यांचा रोग तिथेच राहिला.

असो. पुढच्या वेळी कोणी "एसएमपीएस बदल" म्हणालं, तर त्याला फक्त विचारा, "कशावरून?" उत्तर आलं नाही तर पैसे खिशातच राहू द्या.