कर्करोग : सोबतीचे उपचार आणि पर्यायाचा भ्रम

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात एखाद्या घरी कर्करोगाचे निदान पोहोचते, तेव्हा त्याच्या पाठोपाठ सल्लेही येऊन पोहोचतात. कोणी बजावतो, सुरी लागली की गाठ अंगभर पसरते. कोणी दूरच्या एका वैद्याचा पत्ता कागदावर लिहून देतो. कोणाच्या मोबाईलवर हळद, कडुनिंब आणि लिंबूपाणी यांनी खडखडीत बऱ्या झालेल्या रुग्णाची चित्रफीत असते. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही; संकटात धावून येणे ही खेड्याची जुनी रीत आहे. परंतु सद्भावनेने दिलेल्या सल्ल्यालाही किंमत असते आणि ती देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला चुकवावी लागते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. गालाच्या आत एक जखम भरून येत नव्हती. तपासणीत कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रिया लवकर करून घ्यावी, असे डॉक्टरांनी सांगितले. घराने सात महिने चूर्ण आणि काढा यांवर काढले. त्या काळातील खर्चाचा हिशेब मुलाने मला दाखविला होता. रक्कम मोठी नव्हती; शस्त्रक्रियेच्या निमित्ताने मुंबईस राहण्याचा जो अंदाज घरात केला गेला होता, त्याहून ती कितीतरी कमी होती. व्यवहार स्वस्तात झाला, असेच कोणालाही वाटले असते. मात्र सात महिन्यांनी तोंड उघडेनासे झाले, मानेत गाठी आल्या आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. त्या हिशेबाच्या वहीत सारे काही होते; गेलेले सात महिने तेवढे कोठेही मांडलेले नव्हते.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही वैकल्पिक परिव्यय ही कल्पना शिकवितो. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी मोजलेले पैसे नव्हेत. तिच्यापायी जी दुसरी गोष्ट हातची गेली, तिचे मोल म्हणजे खरी किंमत. कर्करोगात हातची जाणारी गोष्ट म्हणजे वेळ. म्हणून या रोगातील पूरक उपचारांचा विचार करताना प्रश्न आयुर्वेद की ॲलोपॅथी असा नाही. एखादा उपाय शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांच्या सोबत चालतो की त्यांची जागा घेतो, एवढाच प्रश्न आहे. पहिल्यास सोबत म्हणावे, दुसऱ्यास पर्याय. सोबतीची गरज आहे. पर्यायाचा दावा मात्र पुराव्याच्या कसोटीवर उतरलेला नाही.

हे सांगताना वनस्पतींची किंवा परंपरेची हेटाळणी करण्याचा हेतू नाही. नंदुरबारच्या माणसाला तर ती शोभणारही नाही. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये याच नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत मन्‍रो वॉल यांचे सहकारी झाले. या दोघांच्या प्रयोगशाळेने १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना जगापुढे ठेवली. आज अंडाशयाच्या व स्तनाच्या कर्करोगावर जे पॅक्लिटॅक्सेल शिरेतून दिले जाते, ते हेच टॅक्सॉल. वाणी २०२० मध्ये निवर्तले. आपल्या जिल्ह्यातल्या किती महाविद्यालयांत त्यांचे नाव सांगितले जाते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

त्यांच्या कार्यातून घ्यावयाचा बोध मात्र 'झाडपाल्यात औषध असते' एवढ्यावर संपत नाही. यू वृक्षाची साल संशोधनासाठी गोळा झाली १९६२ मध्ये आणि टॅक्सॉलला औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली १९९२ मध्ये. मधली ३० वर्षे द्रव्य शुद्ध करण्यात, त्याची मात्रा ठरविण्यात, ते पेशीवर नेमके कसे काम करते हे शोधण्यात आणि रुग्णांवर त्याची पारख करण्यात गेली. कॅम्पटोथेसिनची कथा याहून बोलकी आहे. १९७० च्या सुमारास रुग्णांवर झालेल्या पहिल्या चाचण्या तीव्र विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. त्याच्या रेणूत फेरफार करून तयार झालेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे मान्य झाली १९९६ मध्ये. हेच कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही असते आणि त्यापायी त्या झाडाची बेसुमार तोड झाली आहे. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही दोन मोलाची औषधे निघाली. म्हणून कोणी सदाफुलीची पाने चावून किंवा नरक्याची साल उकळून रक्ताचा अथवा आतड्याचा कर्करोग बरा करू पाहील, तर तो मृत्यूला आमंत्रण देईल. झाड आणि औषध यांच्यामध्ये परीक्षेची एक लांब वाट असते. वाणींनी आयुष्य घालविले ते त्या वाटेवर.

परीक्षा टाळून निवडलेल्या पर्यायाची किंमत काय होते, याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोग दूरवर पसरलेला नसताना केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली. पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटींहून अधिक होता. त्याच गटाचा दुसरा अभ्यास अधिक विचार करावयास लावणारा आहे. नेहमीच्या उपचारांना पूरक उपचारांची जोड देणाऱ्या रुग्णांतही धोका दुप्पट दिसला. कारण शोधता असे आढळले की, या रुग्णांपैकी ३४ टक्क्यांनी केमोथेरपी नाकारली होती. इतरांत हे प्रमाण ३ टक्के होते. म्हणजे सोबत म्हणून आत आलेल्या पाहुण्याने हळूच घरधन्याची जागा बळकावली होती.

आपल्याकडेही हा धोका काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी आपल्या पत्नीच्या कर्करोगमुक्तीचे श्रेय आहारातील बदल, हळद, कडुनिंब आणि लिंबूपाणी यांना जाहीरपणे दिले. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाशी संबंधित २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना एकत्रित निवेदन काढून, अशा असिद्ध उपायांसाठी उपचार लांबवू नयेत, असे आवाहन करावे लागले. ज्या रुग्णेविषयी हे बोलले गेले, त्यांच्यावर शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेली होती. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र लिंबूपाणीच उरते.

येथे नाण्याची दुसरी बाजू पाहणे न्यायाचे ठरेल. त्याच टाटा मेमोरियलमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या ८५० स्त्रियांवर योगाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथील परिषदेत मांडण्यात आले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार पूर्ण मिळाले. एका गटाला त्यावर योगाची जोड देण्यात आली. योग करणाऱ्या स्त्रियांचे जीवनमान सुधारल्याचे, थकवा आणि वेदना कमी झाल्याचे संशोधकांनी सांगितले. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने वेदनेसाठी २०२२ मध्ये, चिंता व नैराश्यासाठी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढल्या. ॲक्युपंक्चर, ध्यान, योग यांना त्यांत ठराविक तक्रारींपुरते स्थान मिळाले आहे. 'ठराविक तक्रारींपुरते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. या उपायांनी गाठ विरघळते, असे कोणी म्हटलेले नाही. गाठीशी झगडणाऱ्या माणसाला झोप लागावी, वेदना सोसवावी, उपचार अर्ध्यावर सोडावासा वाटू नये, एवढे त्यांच्याकडून मागितले आहे. हे थोडे नव्हे.

मग अडचण कोठे आहे? ती आहे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधील मौनात. काढा चालू आहे, हे डॉक्टरांना सांगितले तर ते रागावतील, या भीतीने रुग्ण गप्प राहतो. शंभर रुग्ण तपासायचे असल्याने डॉक्टरही विचारीत नाहीत. हे मौन निरुपद्रवी नाही. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपात उदासीनतेवर घेतली जाणारी एक वनस्पती. ती इरिनोटेकनसोबत घेतली असता त्या औषधाचे रक्तातील क्रियाशील रूप ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ मध्ये एका छोट्या अभ्यासात दिसून आले. वाणींच्या संशोधनातून उगम पावलेले औषध दुसऱ्या एका झाडपाल्याने निष्प्रभ होऊ लागते, हा योगायोग मनावर बिंबावा असा आहे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. परंतु ज्याच्या यकृतावर केमोथेरपीचा भार आधीच पडलेला आहे, त्याने तरी जे काही पोटात घेतो ते डॉक्टरांच्या कानावर घालणे शहाणपणाचे आहे. 'नैसर्गिक' या शब्दाचा अर्थ 'निर्धोक' असा होत नाही.

लोक पर्यायाकडे का वळतात, याचे उत्तर 'अज्ञान' या एका शब्दात देऊन सुशिक्षित माणूस मोकळा होतो. ते उत्तर अपुरे आहे आणि उद्धटही आहे. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल उघडले, तेव्हापासून महाराष्ट्रातील कर्करुग्णाची वाट मुंबईकडे जाते. नंदुरबारहून निघालेल्या शेतमजुराने तेथे किती फेऱ्या माराव्या? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु सोबत जाणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, मुंबईतील मुक्काम, पेरणीचे गेलेले दिवस यांची भरपाई उपचारांच्या तरतुदीतून होत नाही. याउलट वैद्य जवळ असतो. तो हात हातात घेतो, आपल्या बोलीत बोलतो आणि 'बरे होईल' असे ठामपणे सांगतो. रुग्णालयात पंधरा मिनिटांसाठी दिवसभर बसावे लागते. बाजारपेठेच्या भाषेत बोलावयाचे तर, खोटा माल खपतो त्याचे एक कारण असे की, खऱ्या मालाच्या दुकानात माणुसकीचा तुटवडा आहे.

यातून मार्ग काढावयाचा तर दोन्ही बाजूंनी काही करावे लागेल. पहिली गोष्ट कायद्याची. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे आणि ज्या रोगांवरील उपायांच्या जाहिराती त्याने निषिद्ध ठरविल्या, त्यांत कर्करोगाचे नाव स्पष्ट आहे. कायदा नाही असे नाही. तो बजावला जात नाही. दुसरी गोष्ट जिल्ह्याची. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान आणि मोठे उपचार मुंबईत होवोत; परंतु मधल्या तपासण्या, मळमळ व थकव्यावरचे उपाय, आहाराचा सल्ला, योगाचे वर्ग आणि रुग्णाला समजेल अशा बोलीत बोलणारा समुपदेशक यांची सोय जिल्ह्यातच झाली, तर पर्यायाच्या दुकानाकडे वळणारी निम्मी पावले थांबतील, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट वेदनेची, आणि ती सर्वांत उपेक्षित आहे. ज्याचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्याला 'घरी घेऊन जा' असे सांगितले जाते, तेव्हा त्याच्या घराला कोणता दरवाजा उघडा राहतो? मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन सुरू झाले आणि मरणासन्न कर्करुग्णाची शुश्रूषा हेही वैद्यकाचे काम आहे, हे या देशात प्रथम रुजले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन मिळणे जिकिरीचे करून ठेवले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळशी मोकळी केली. तरीही खेड्यातील रुग्णाच्या उशाशी ते पोहोचत नाही. वेदना शमविण्याचा शास्त्रशुद्ध उपाय जेथे मिळत नाही, तेथे कोणतीही पुडी आशा म्हणून विकली जाणार, यात नवल नाही.

या लेखाचे वाचक बहुधा शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी असतील. गावात रुग्णालयाचा कागद वाचून दाखविण्यासाठी ज्याच्याकडे आणला जातो, तो माणूस बहुतेक वेळा आपणच असतो. त्या क्षणी आपण वैद्यावर तोंडसुख घेऊ नये. ते घर दुखावलेले असते. एवढेच सांगावे की, काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, योग जरूर करा, देवाला नवसही बोला. पण शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख चुकवू नका. माझ्या त्या विद्यार्थ्याने नंतर मला विचारले होते, "सर, तेव्हा आम्हांला हे कोणी का सांगितले नाही?" त्याच्या घरी कागद वाचून दाखवायला गेलेल्यांत मीही होतो आणि त्या वेळी, दुसऱ्याच्या घरच्या निर्णयात आपण कशाला बोलावे, असे समजून मी गप्प राहिलो होतो.