कुत्र्याला शिकवण्याआधी

कुत्रा पाळणे म्हणजे अंगणात साखळीला बांधणे आणि उरलेला भात घालणे, एवढेच आमच्या बेटावर लहानपणी मी पाहिले. इंग्लंडात तसे चालत नाही. भिंतीला भिंत लागून शेजारी राहतो, कुत्रा घरातच वावरतो. तो काहीच शिकला नाही, तर त्याला परत देण्याची वेळ येते.

शाळेच्या सुट्टीत मी लंडनला भावाकडे गेले. घरात चार महिन्यांचे पिल्लू होते. भाऊ म्हणे ‘सिट’, वहिनी म्हणे ‘बस’, आई आपल्या सवयीने क्रियोलमध्ये ‘आसिझे’. पिल्लू तिघांच्या तोंडाकडे पाही आणि सोफ्यावर चढे. मग ‘ऐकत नाही’ म्हणून चापट! मला माझ्या वर्गातली मुले आठवली. घरी एक भाषा, पुस्तकात दुसरी, आणि गप्प बसली की आम्ही त्यांना मठ्ठ ठरवतो.

कुत्र्याला इंग्रजी येत नाही, मराठीही येत नाही. त्याला आवाज कळतो, आणि त्यापाठोपाठ काय मिळाले ते कळते. खाऊचा तुकडा नाकासमोरून हळूच वर आणि मागे न्यावा. मान वर जाते, बूड आपोआप टेकते. त्याच क्षणी शाबासकी आणि तुकडा द्यावा. काही वेळा असे जमले, की मगच शब्द जोडावा. दिवसातून दोन-तीनदा, पाचच मिनिटे. झोपून उठल्यावर आणि जेवल्यावर लगेच बाहेर न्यावे. घरात घाण केली तर न ओरडता पुसून टाकावी. ओरडल्याने ते लपून करायला शिकते, एवढेच.

१९८० साली बीबीसीवर बार्बरा वुडहाऊसबाईंनी कुत्र्यांना शिकवण्याचा कार्यक्रम केला, तो फार गाजला. साखळीला हिसका देणे हा त्यांच्या पद्धतीचा भाग होता. आज तेथील प्राणिसंस्था बक्षिसाने शिकवा असे सांगतात, आणि विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर तर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. हा बदल मला योग्य वाटतो. छडीच्या धाकाने पाढे पाठ होतात, पण मूल गुरुजींना पाहून रस्ता बदलते.

राहिला प्रश्न शब्दाचा. मी मराठीची शिक्षिका, माझे मत अर्थातच ‘बस’ला. परंतु आई ताटावर हात धरून ‘बस, बस’ म्हणे, आणि पिल्लू टेबलाखाली हजर! शेवटी ‘आसिझे’ ठरले. दिवसभर त्याच्याबरोबर घरी आईच असते.