शिक्का कोणाचा, चूक कोणाची? हयात रीजन्सी खटल्यातील अभियंत्यांचा बचाव (थ्रेड)

१७ जुलै १९८१ची संध्याकाळ. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात नृत्याचा कार्यक्रम रंगला असताना चौथ्या मजल्यावरची टांगती मार्गिका निसटली आणि तिच्याच आधाराने लटकलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मार्गिकेसह खालच्या गर्दीवर कोसळली. ११४ माणसे मृत्युमुखी पडली.

मूळ आराखड्यात दोन्ही मार्गिका छतापासून येणाऱ्या अखंड सळ्यांवर पेललेल्या होत्या. पोलादकाम करणाऱ्या फॅब्रिकेटरने सोयीसाठी प्रत्येक सळईच्या जागी दोन तुकडे योजले. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या जोडावर दुप्पट भार आला. हा बदल आपण फोनवरून कळवला होता, असे फॅब्रिकेटरचे म्हणणे. अभियंत्यांनी ते नाकारले. मात्र बदललेल्या नकाशांवर तपासणीचा शिक्का अभियंत्यांचाच होता.

फौजदारी खटला कोणावरच उभा राहिला नाही. उरली ती मिझुरी राज्याच्या परवाना मंडळाची तक्रार : जॅक गिलम आणि डॅनियल डंकन या दोन अभियंत्यांविरुद्ध.

इतक्या मृत्यूंनंतर बचाव कसला, हा प्रश्न स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे. बचावाचे मुद्दे पोकळ नव्हते. जोडाचे तपशील फॅब्रिकेटरने ठरवावेत, ही त्या काळी व्यवसायात रूढ असलेली पद्धत होती. शिवाय गिलम यांनी ते काम स्वतः केलेले नव्हते. सहकाऱ्याच्या चुकीपायी त्यांचा परवाना का जावा? या प्रश्नांना संताप हे उत्तर होऊ शकत नाही.

उत्तर शोधताना मंडळाला कागद उकरावे लागले. बांधकाम चालू असतानाच, १९७९ साली, त्याच दालनाच्या छताचा काही भाग कोसळला होता आणि त्यानंतर पोलादी जोड तपासण्याचे आश्वासन अभियंत्यांनी दिले होते. रूढीचा आधार इथेच निखळला. १९८५ साली न्यायाधीश जेम्स डॉइच यांनी दोघांना घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले, पुढे परवाने रद्द झाले आणि १९८८ साली अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. शिक्का मारणाऱ्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही, हे तत्त्व त्यातून ठाम झाले. बचाव इतक्या नेटाने मांडला गेला नसता, तर ते इतके स्पष्ट झाले असते का, याची शंकाच आहे.

विशेष म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या व्यावसायिक संस्थेने त्याच गिलम यांचा दोष सौम्य मानला : घोर निष्काळजीपणा नव्हे, तर हाताखालच्यांच्या कामाची जबाबदारी. शिक्षा, तीन वर्षे सदस्यत्व स्थगित. एकाच दुर्घटनेवर दोन निवाडे! याला कोणी पक्षपात म्हणेल. पण परवाना हा जनतेच्या सुरक्षिततेसाठी असतो, सदस्यत्व हे व्यवसायबंधूंमधले. मोजपट्ट्या वेगळ्या असणारच.

गिलम पुढे अभियंत्यांसमोर या दुर्घटनेवर व्याख्याने देत राहिले. तिथे मात्र त्यांनी जबाबदारी स्वतःकडे घेतली.